पोटाच्या डायलिसिसची बॅग पुन्हा पुन्हा गढूळ येते तेव्हा

अँटिबायोटिक चालू झालं, तीन-चार दिवसांत पाणी स्वच्छ यायला लागलं, पोट दुखायचं थांबलं. कोर्स संपला. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि महिना उलटतो न उलटतो तोच एका सकाळी रात्रीचं पाणी काढलं तर बॅग परत गढूळ. असं दुसऱ्यांदा झालं की घरचे घाबरतात आणि तिसऱ्यांदा झालं की वैतागतात. मग फोन येतो, "सिस्टर, आता कुठलं इंजेक्शन चालू करायचं?"

पीडीच्या (पेरिटोनियल डायलिसिस, म्हणजे नळीतून पोटात पाणी सोडून, काही तासांनी काढून करायचं पोटाचं डायलिसिस) पेशंटच्या घरी जाऊन बॅग बदलायला शिकवायचं, हे माझं काम. सोलापूर शहर, शिवाय अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, तुळजापूर या बाजूचे पेशंट. इंजेक्शन कुठलं ते नेफ्रॉलॉजिस्ट ठरवतात. मी मात्र फोनवर आधी दोनच गोष्टी विचारते: मागचा कोर्स कोणत्या तारखेला संपला आणि मागच्या वेळी कल्चरमध्ये (पाण्यातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत) कोणता जंतू आला होता? ही दोन उत्तरं हातात असली की निम्मं काम होतं. नसली तर आपण दर वेळी पहिल्यापासून चाचपडत बसतो, आणि दर खेपेला पोटाचा पडदा, ज्यातून हे डायलिसिस होतं, तो थोडा थोडा खराब होत जातो.

म्हणून बॅगांच्या नोंदीची जी वही असते (किती टाकलं, किती निघालं, वजन, बीपी) तिच्या शेवटच्या पानावर एवढं लिहून ठेवा: बॅग गढूळ आल्याची तारीख, पेशींची संख्या, जंतूचं नाव, औषधाचं नाव, कोर्स संपल्याची तारीख. रिपोर्टचे कागद हरवतात, मोबाइलमधले फोटो डिलीट होतात, पण वही कपाटावर पडून राहते.

आधी बघा, इन्फेक्शनच आहे ना

पाणी गढूळ आहे की नाही हे डोळ्यांना विचारू नका, पेपरला विचारा. काढलेली बॅग 'संचार'च्या पानावर आडवी ठेवा आणि तिच्यातून बारीक अक्षरं वाचून बघा. बातमी वाचता आली तर पाणी ठीक. अक्षरं धूसर दिसली तर ती बॅग फेकायची नाही, बांधून घेऊन निघायचं. पोट दुखेपर्यंत थांबायचं नाही. पुष्कळांना आधी गढूळपणा येतो आणि दुखणं मागाहून.

पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या पडद्याची सूज, ठरवायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पोटदुखी किंवा गढूळ पाणी, पाण्यात एका मायक्रोलिटरला १०० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल, आणि कल्चरमध्ये जंतू सापडणं. पाणी पोटात किमान दोन तास मुरलेलं असेल तरच पेशींच्या या आकड्याला अर्थ आहे. दिवसभर पोट रिकामं ठेवून काढलेलं थोडंसं पाणी उगाच गढूळ दिसू शकतं. तसं असेल तर एक बॅग टाकून, दोन तास थांबून मग नमुना द्या.

गढूळ दिसूनही इन्फेक्शन नसलेले प्रकार मोजकेच आहेत, पण माहीत असलेले बरे. नळी बसवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पाण्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. ही एक प्रकारची ॲलर्जीच असते आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरते. बीपीच्या काही गोळ्यांनी, मुख्यतः कॅल्शियम चॅनल ब्लॉकर गटातल्या, पाणी दुधाळ होतं. त्यात पेशी नसतात, चरबी असते. अशा वेळी गोळी बदलायची का ते डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. पांढरे धागे किंवा गोळे दिसले तर ते फायब्रिन. ते इन्फेक्शनमध्येही येतं आणि इन्फेक्शनशिवायही, तेव्हा धाग्यांसोबत पाणीसुद्धा गढूळ आहे का ते बघायचं. बायकांना पाळीच्या दिवसांत पाणी लालसर येऊ शकतं, त्याला घाबरू नका. पण यातलं काहीही घरबसल्या ठरवायचं नाही. पेशी मोजून येईपर्यंत गढूळ बॅग म्हणजे इन्फेक्शनच, असं धरून चाला.

कल्चर 'नो ग्रोथ' येतं, त्याचं काय?

पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्यात सगळ्यात मोठी अडचण इथेच होते. मागच्या तिन्ही रिपोर्टवर 'नो ग्रोथ' असेल तर जंतू नव्हता असं नाही, तो सापडला नाही एवढंच. आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे चांगल्या केंद्रात असे रिकामे कल्चर १५ टक्क्यांच्या आत असायला हवेत. आपल्याकडे ते जास्त येतात आणि त्याची कारणं साधी आहेत. गढूळ बॅग दिसली की आधी गल्लीतल्या डॉक्टरांकडून एक इंजेक्शन टोचून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरला यायचं, हे पहिलं कारण. दुसरं कारण, लॅबमध्ये साध्या टेस्ट ट्यूबमधून चमचाभर पाणी जातं आणि 'ॲसायटिक फ्लुइड', म्हणजे पोटात आजाराने साठलेलं पाणी, म्हणून त्याची नेहमीची तपासणी होते.

पाणी थेट ब्लड कल्चरच्या बाटल्यांमध्ये, प्रत्येकीत ५ ते १० मिलिलिटर, असं भरून पाठवलं तर जंतू सापडण्याची शक्यता बरीच वाढते. हे लॅबवाल्याला स्पष्ट सांगावं लागतं, आणि सांगायला लाजू नका. औषधाचा पहिला डोस नमुना घेतल्यावर. पण नमुन्यासाठी औषध रखडवायचंही नाही, कारण डोसला उशीर झाला तर नळी आणि पेशंट दोघांनाही धोका. बार्शीहून एसटीने येणार असाल तर बॅग पिशवीत घालून सीटखाली सावलीत ठेवा, आणि निघायच्या आधी युनिटला फोन करा म्हणजे पोचता क्षणी बाटल्या तयार असतात.

दोन-तीनदा कल्चर रिकामं येऊनही पाणी गढूळच राहिलं तर टीबी आणि बुरशी यांचा शोध घ्यावाच लागतो. टीबीच्या पाण्यातही सुरुवातीला न्यूट्रोफिल वरचढ असू शकतात, त्यामुळे पेशींचा प्रकार बघून टीबी नाहीच असं म्हणता येत नाही. त्यासाठी सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि टीबीचं वेगळं कल्चर सांगावं लागतं.

तारीख काय सांगते

कोर्स संपल्यापासून चार आठवड्यांच्या आत तोच जंतू परत आला, तर तो बहुधा गेलेलाच नव्हता. तो नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसलेला असतो. पाण्याचं पिंप बरेच दिवस घासलं नाही की आतून बोटाला बुळबुळीत लागतं, तसा थर जंतू नळीच्या आत धरतात. त्या थराच्या आत औषध पोचत नाही. वरवरचे जंतू मरतात, पाणी स्वच्छ येतं, कोर्स संपला की थरातले बाहेर पडतात. इथे तेच इंजेक्शन चौथ्यांदा देणं म्हणजे दिवस वाया घालवणं. नळी बदलायचीच चर्चा करायला हवी.

चार आठवडे उलटून गेल्यावर तोच जंतू आला, तर तो बहुतेक बाहेरून नव्याने आत जातोय. हाताची पद्धत आणि नळीची जागा (नळी पोटातून बाहेर येते ती), दोन्ही तपासा. आणि चार आठवड्यांच्या आतच पण वेगळा जंतू आला, तर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण एकाच वेळी दोन दारं उघडी असू शकतात. आतड्याकडेही बघावं लागतं.

अजून एक कारण कल्चरच्या कागदावर येत नाही: कोर्स अर्धवट सोडणं. त्वचेवरच्या साध्या स्टॅफला (स्टॅफिलोकोकस जंतूला) साधारण दोन आठवडे, स्टॅफ ऑरियस, स्युडोमोनास आणि आतड्यातल्या जंतूंना तीन आठवडे औषध लागतं. पाणी पाचव्या दिवशी स्वच्छ होतं आणि मग घरचे म्हणतात, आता कशाला रोज ये-जा, भाड्याचे पैसे जातात. ये-जा परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना सरळ सांगा. काही औषधं दिवसाआड किंवा त्याहून लांब अंतराने बॅगेतून देता येतात. औषध घातलेली बॅग मात्र पोटात किमान सहा तास राहिली पाहिजे. गावाकडच्या दवाखान्यात ती दोन तासांत काढून टाकल्याचं मी पाहिलंय.

जंतूचं नाव काय सांगतं

कोअग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ, म्हणजे त्वचेवरचा साधा स्टॅफ, आला तर हाताचा स्पर्श. स्टॅफ ऑरियस आला तर नळीची जागा किंवा नाक. स्ट्रेप्टोकोकस असेल तर तोंडात, दातांत बघा. ई. कोलाय, क्लेब्सिएला आतड्याकडे बोट दाखवतात. स्युडोमोनास, असिनेटोबॅक्टर आले की मी त्या घरातलं पाणी बघायला जाते. आतड्यातले दोन-तीन जंतू एकदम आले तर आतड्याला कुठे भोक तर पडलं नाही ना, म्हणून सर्जनला बोलवावं लागतं. बुरशी निघाली तर वाट बघत बसायचं नाही, नळी लगेच काढतात. बुरशी बहुतेक अँटिबायोटिकच्या कोर्सच्या पाठीवर येते, म्हणून कोर्स चालू असताना बुरशी टाळायचं औषधही सोबत द्यावं लागतं. सर्दी-खोकल्यासाठी, दाढेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं तरी हे लागू होतं. तेव्हा त्या चिठ्ठीचा फोटो आधी पीडी युनिटला पाठवा.

हात, पाणी आणि टॉवेल

सोलापुरात इन्फेक्शन कुठून येतं ते पाहायला मला बहुतेक वेळा मोरीतच जावं लागतं. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे घरोघरी पिंपं, हौद, ड्रम भरलेले. हात धुवायचे म्हणजे मग बुडवायचा, मगासकट बोटंही बुडतात. एका हाताने मग धरून दुसऱ्यावर पाणी ओतायचं, मग हात बदलायचा आणि धुतलेल्या हाताने परत तोच मग धरायचा. साबण कितीही महागाचा असला तरी इथे काही उपयोग नाही.

विडी घरकुलाकडच्या एका मावशींच्या बाबतीत कल्चरमध्ये परत परत त्वचेवरचा स्टॅफ येत होता, आणि तोही चार आठवडे उलटून गेल्यावर. बॅग बदलायची पद्धत त्यांना पाठ होती. मला म्हणाल्या, "हात धुतलाय की ओ सिस्टर, तुमच्यासमोरच धुतलाय की." धुतले होतेच, आणि चांगले धुतले होते. मग खुंटीवरच्या टॉवेलला पुसले. त्याच टॉवेलला सकाळी नातवाने तोंड पुसलं होतं आणि सुनेने विड्या वळून झाल्यावर तंबाखूचे हात. टॉवेलच्या गावात राहून पीडीसाठी वेगळा टॉवेल निघत नाही, असं मी त्यांना जरा चिडूनच म्हटलं. आता एका झाकणाच्या डब्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री केलेले छोटे नॅपकिन असतात. एका वेळी एक घ्यायचा आणि लगेच धुवायला टाकायचा. पेपर नॅपकिन परवडत असतील तर तेही चालतात.

पाण्यासाठी उपाय सोपा आहे: खाली तोटी असलेला झाकणाचा कॅन उंचावर ठेवा, म्हणजे वाहत्या पाण्यात हात धुता येतात. हात पूर्ण कोरडे करा आणि मग अल्कोहोलचं हँडरब चोळा. ओल्या हातावर हँडरब चोळलं तर ते पातळ होतं. हातातल्या अंगठ्या, बांगड्या, मनगटाचे दोरे बॅग बदलण्यापुरते वर सरकवून ठेवा किंवा काढा. नखं कापलेली ठेवा.

खोलीचंही बघा. खाली माग आणि वर घर असेल तर हवेत सुताचे तंतू सतत उडत असतात. तेल लावलेल्या लाकडी टेबलावर सकाळी बोट फिरवलं की ते दिसतात. ज्या खोलीत विड्या वळतात त्या खोलीत बॅग बदलायची नाही, आणि दुसरी खोलीच नसेल तर सूप-पानं उचलून, ओल्या फडक्याने पुसून, धूळ बसायला वेळ देऊन मगच. जोडताना आणि सोडताना पंखा आणि कूलर बंद, दार-खिडकी बंद, तोंडाला मास्क, सोबत कोणी असेल तर त्यांच्याही तोंडाला. मे महिन्यात हे किती कठीण आहे ते मला ठाऊक आहे, कारण त्या बंद खोलीत मीही बसते. पण नळी जोडली गेली आणि सगळं बंदिस्त झालं की पाणी निघेपर्यंत पंखा लावता येतो. फक्त सोडायच्या आधी परत बंद करायचा.

जोडल्यावर नव्या बॅगेतलं थोडंसं पाणी आधी निचऱ्याच्या बॅगेत सोडायचं, साधारण पाच आकडे मोजेपर्यंत, आणि मग पोटात. शिकवताना सगळे करतात, पुढे कंटाळ्याने गाळतात. जोडताना टोकाला काही लागलं असेल तर ते यात धुऊन जातं. दुहेरी बॅगा (नवी आणि निचऱ्याची एकत्र जोडलेल्या) आल्यावर इन्फेक्शन कमी झाली ती याच पायरीमुळे, म्हणून ती गाळायची नाही.

बॅग गरम करायला बादलीभर गरम पाण्यात बुडवतात, ते बंद करा. बॅगेच्या तोंडाशी पाणी राहतं आणि तेच पाणी जोडताना आत जातं. कोरडी उष्णता लागते, हीटिंग पॅडची. मायक्रोवेव्हसुद्धा नको. खरं म्हणजे मार्चपासून जूनपर्यंत सोलापुरात बॅग वेगळी गरम करायची गरजच नसते. उलट उन्हाळ्यात प्रश्न असतो तो बॅगा ठेवायच्या कुठे याचा. दिवसाला तीन धरल्या तर महिन्याच्या नव्वद, प्रत्येकी दोन लिटर. इतके खोके घरात मावत नाहीत म्हणून पत्र्याच्या खोलीत जातात, आणि पारा ४२ वर गेला की पत्र्याखाली भट्टी होते. बॅगेतल्या ग्लुकोजचं उष्णतेने विघटन होऊन पडद्याला त्रास देणारे पदार्थ तयार होतात. ते कारखान्यात निर्जंतुक करतानाही थोडे होतातच, त्यात आपण भर घालायची नाही. पत्र्याची खोली सोडून घरातली सगळ्यात थंड खोली खोक्यांना द्या, आणि महिन्याचा माल एकदम घेण्यापेक्षा पंधरा दिवसांचा येतो का ते विचारा.

कधी जोडताना टोक हाताला, कपड्याला लागलं, किंवा क्लॅम्प उघडा राहून टोपी निसटली, तर 'काही होत नाही' म्हणून तसंच पोटात पाणी घेऊ नका. क्लॅम्प बंद करा, नवी टोपी लावा, फोन करा. ट्रान्सफर सेट (नळीच्या टोकाचा, बॅग जोडायचा तुकडा) बदलावा लागेल आणि कदाचित औषधाचा एखादा डोस. नाहीतरी ट्रान्सफर सेट साधारण सहा महिन्यांनी बदलायचाच असतो. वहीत ती तारीख आहे का बघा, बऱ्याच वह्यांमध्ये ती नसते.

नळीची जागा

एक्झिट साइट, म्हणजे नळी बाहेर येते ती जागा, रोज बघायची, उजेडात. लाली, दुखणं, कडकपणा किंवा पू. पू दिसला की इन्फेक्शन आहे असंच समजायचं. रोज स्वच्छ करून कोरडी करायची आणि डॉक्टरांनी सांगितलेलं म्युपिरोसिन किंवा जेंटामायसिन मलम अगदी थोडं. हळद, भस्म, खोबरेल तेल यातलं काहीही नाही.

नळी कुठे टेकते ते मात्र कुणी बघत नाही. बायकांच्या परकराची नाडी आणि पुरुषांचा पट्टा किंवा करदोटा नेमका तिथेच येतो. दिवसभर घासून कातडी सोलते, त्यात घाम मुरतो, आणि मग कितीही मलम लावा. नाडी वर किंवा खाली बांधा, नळी टेपने पोटाला चिकटवून ठेवा म्हणजे ओढ बसणार नाही. नवी नळी बसवायची असेल तर सर्जनला आधीच साडी कुठे नेसता, पट्टा कुठे येतो ते दाखवा, ते आधी खूण करू शकतात.

आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेत उतरायचं नाही. दर्शन घ्या, पाणी डोक्याला लावा, पण डुबकी नको. तलाव, विहीर, हौद, सगळ्यांना हेच. आंघोळ अंगावर पाणी ओतून, आणि नंतर जागा कोरडी करून.

आतून येणारं

पोट साफ न होणं हे पीडीच्या पेशंटमध्ये साधं दुखणं नाही. आतड्यात मळ साचला की जंतू आतड्याच्या भिंतीतून पडद्याकडे सरकू शकतात, आणि नळीतून पाणीही नीट निघत नाही. भरीला पोटॅशियम. रक्ताचं डायलिसिस करणाऱ्या शेजाऱ्याला केळं, नारळपाणी, बटाटा बंद असतो, ते पाहून पीडीचा पेशंटही बंद करतो. पण पीडीमध्ये पोटॅशियम रोज पाण्यातून जातं आणि पुष्कळांचं कमी पडतं. कमी पडलं की आतडं सुस्तावतं, आणि पोटॅशियम कमी असलेल्यांना पेरिटोनायटिस जास्त होतो असं दिसलंय. रिपोर्ट बघून डॉक्टरांना विचारा, पथ्य सैल करता येतं का. लॅक्टुलोजसारखं औषध नियमित घ्या, तीन दिवस तुंबल्यावर नाही. कोलोनोस्कोपी किंवा गर्भाशयाच्या आत यंत्र घालून तपासणी ठरली असेल तर पोटातलं पाणी काढून जायचं आणि आधी अँटिबायोटिक घ्यायचं. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना पोटात नळी आहे हे तुम्हीच सांगायला हवं.

नळी काढायला सांगितलं तर

योग्य औषध पाच दिवस चालू असूनही पाणी साफ होत नसेल, पेशींची संख्या उतरत नसेल, तर नळी काढावी लागते. बुरशीत लगेच, आणि तोच जंतू चार आठवड्यांत परतला तर पाणी साफ झाल्यावर. घरच्यांना वाटतं, नळी काढली म्हणजे पीडी संपलं. माझं मत उलटं आहे. वेळेवर काढलेली नळी पुढच्या पीडीसाठी पडदा वाचवते, आणि तीन आठवडे ताणून काढलेली दोन्ही घालवते. जिद्दी इन्फेक्शनमध्ये काढल्यावर किमान दोन आठवडे थांबून नवी बसवता येते, तोवर मानेतल्या नळीतून हीमोडायलिसिस, म्हणजे रक्ताचं डायलिसिस. आणि पाणी साफ होऊन पेशी १०० च्या खाली आल्या असतील तर काही वेळा जुनी काढून त्याच ऑपरेशनमध्ये नवी बसवतात.

पाणी स्वच्छ आहे, तरी सीआरपी उतरत नाही

हा प्रकार वेगळा, आणि तो परत परत येतो असं म्हणण्यापेक्षा जातच नाही. बॅग स्वच्छ, ताप नाही, पोट दुखत नाही. पण सीआरपी (शरीरात आतून सूज आहे का ते दाखवणारी रक्ताची तपासणी) वरच, हिमोग्लोबिन वाढवायचं इंजेक्शन देऊनही ते वाढत नाही, फेरिटिन (साठवलेलं लोह) भरपूर असूनही लोह वापरलं जात नाही, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) खाली खाली. अशी आतली सूज, म्हणजे दाह, असली की शरीर लोह कोठारात कोंडून ठेवतं, म्हणून इंजेक्शनचा डोस वाढवूनही फायदा होत नाही. कुपोषण, सूज आणि रक्तवाहिन्या कडक होणं ही तीन दुखणी एकमेकांचा हात धरून येतात, हे स्टॉकहोमच्या संशोधकांनी किडनीच्या पेशंटमध्ये दाखवून दिलं, आणि सोलापुरातही मी तेच बघते. रिपोर्ट वाचताना एकक मात्र बघा. एका लॅबचं सीआरपी मिलिग्राम प्रति लिटर, दुसरीचं प्रति डेसिलिटर, आणि ०.८ वरून ८ झालं म्हणून घरात रडारड. दोन्ही एकच.

अशा वेळी मी पाय बघते. घोट्यावर बोट दाबून खड्डा पडला तर अंगात पाणी साठलंय, आणि साठलेलं पाणी स्वतःच ही आतली सूज वाढवतं. पेरिटोनायटिस होऊन गेल्यावर पडदा काही काळ ग्लुकोज भरभर शोषतो, पाणी कमी निघतं, मग लोक ४.२५ टक्क्यांच्या कडक बॅगा रोज लावतात. त्या जास्त ग्लुकोजने पडद्याचं आणखी नुकसान. त्याआधी मीठ कमी करा. शेंगाचटणी, लोणचं, पापड, कडक भाकरीबरोबर जे जे येतं ते आठवडाभर मोजून बघा. शेंगांत फॉस्फरसही आहे. कमी विघटन झालेल्या, सामान्य आम्लतेच्या बॅगा मिळतात, महाग असतात, आणि लघवी टिकवायला मदत करतात. परवडतात का विचारा.

लघवी दिवसाला वाटीभर जरी होत असेल तरी ती जपा. ती असेपर्यंत सूज आवाक्यात राहते. प्रथिनं रोज साधारण ५ ते १० ग्रॅम पाण्यातून निघून जातात, इन्फेक्शनमध्ये त्याहून जास्त. म्हणून वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि वरणाच्या पाण्याने ती भरत नाहीत. खात असाल तर अंड्याचा पांढरा भाग सगळ्यात सोयीचा.

मग तोंड बघते. इकडच्या पुष्कळ बायका सकाळी मिश्री लावतात, आणि डॉक्टरांनी तंबाखू खाता का विचारलं की प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी तंबाखूत मोडत नाही. हिरड्या सुजलेल्या, दाबलं की रक्त, मागच्या दोन दाढा किडलेल्या. एवढा स्रोत तोंडात असताना सीआरपी उतरणार कुठून? शिवाय मधुमेह्यांच्या तळपायाची जखम, छातीतला जुना टीबी, पूर्वी बसवलेली पण बंद पडलेली किडनी, हेही तपासून घ्यावं लागतं, आणि ते काम डॉक्टरांचं. दाढ काढायला जाल तेव्हा दंतवैद्यांना पोटाचं डायलिसिस आहे हे सांगा आणि दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन लिहू नका म्हणून आधीच विनवा. त्याने उरलीसुरली लघवी बंद होऊ शकते. पॅरासिटामॉल चालतं.